ख्रिस्ती नीतिमत्ता आणि अर्थव्यवस्था: उंबरठ्याबाहेर थांबलेला सावकार

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती नीतीला भांडवलशाही जवळची की समाजवाद, कारण दोन्ही बाजूंचे लोक बायबलमधल्याच ओळी पुढे करतात.

माझ्या मते दोन्हीपैकी एकही नाही. बायबल अमुक एक व्यवस्था उभारा असं सांगत बसत नाही, ते थेट व्यवहाराला हात घालतं. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 24वा अध्याय काढून बघा. कुणाचं जातं गहाण घेऊ नका, ते त्याचा जीवच गहाण घेतल्यासारखं आहे. तारण आणायला ऋणकोच्या घरात शिरू नका. बाहेर उभे राहा, तो स्वतः आणून देईल. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करा. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्या.

मी काही वर्षं कर्जवसुलीचं काम केलं आहे. एका घरी हप्ते थकले म्हणून शिलाई मशीन उचलायला आम्ही दोघे गेलो आणि सरळ आत शिरलो. मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज होता. त्या बाईंनी दोरा तोडला, सुई काढून घेतली, कापडाची घडी करून बाजूला ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. मशीन गेल्यावर उरलेले हप्ते त्या कशातून फेडणार, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तो अध्याय मी त्याआधी कितीदा तरी वाचला होता. कर्ज वसूल करू नका असं त्यात कुठेही नाही. पण घेणेकऱ्याचा हक्क उंबरठ्यापाशी थांबतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि फार उशिरा कळलं.

व्याजाचा इतिहासही असाच. 325 मध्ये निकेया इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने धर्मगुरूंना व्याज घ्यायला मनाई केली. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने तर उघड व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. पुढे व्यापार वाढला. उपाशी माणसाला दिलेलं कर्ज आणि व्यापाऱ्याला दिलेलं भांडवल एकच नव्हे, हा फरक प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने सोळाव्या शतकात मान्य केला, पण गरिबाकडून व्याज घेऊ नये ही अट ठेवूनच. नियम सैल झाला, अट मात्र टिकली. आजच्या बाजारात नेमकी तीच अट कुणी विचारत नाही, असं मला वाटतं.

1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढलं. त्यात समाजवाद नाकारला आहे, खासगी मालमत्तेचा हक्क मानला आहे. पण कामगार ‘हो’ म्हणाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, असंही त्यात बजावलं आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं तिच्यात भागलं पाहिजे. गरजेपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. (याच धर्माच्या लोकांनी बायबलचा आधार देत गुलामही बाळगले. ते झाकून हे उत्तर देता येणार नाही.)

समाजवादी मित्र बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली पहिली ख्रिस्ती मंडळी दाखवतात: सगळं सामाईक, जमिनी विकून गरजेप्रमाणे वाटप. ते खरंच आहे. पण पुढे, शेत विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवून ठेवणाऱ्या हनन्याला येशूचा शिष्य पेत्र सांगतो की शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. त्याचा गुन्हा खोटं बोलण्याचा होता.

आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातली, येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट. दिवस संपायला तासभर उरला असताना आलेल्यांनाही मालक पूर्ण दिनार देतो. तेवढी एका दिवसाची मजुरी. तोवर ते रिकामे का उभे होते? त्यांना कुणी कामावर घेतलंच नव्हतं. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांची कुरकुर मला समजते, त्यांच्या जागी मीही केली असती. पण त्यांचा ठरलेला दिनार मालकाने कापला नव्हता, आणि संध्याकाळी भूक सगळ्यांच्याच घरी सारखी लागणार होती.