आईचा रक्तगट ओ, वडिलांचा ए आणि मुलाचा एबी : हे आनुवंशिकतेच्या नियमांत बसतं का?

तुम्ही लिहिलंय की बारावीच्या सराव प्रश्नांत हे उदाहरण आलं, पनेट चौकट (आईवडिलांची जनुकं जुळवून मुलांच्या शक्यता दाखवणारा तक्ता) तीनदा काढली तरी एबी मूल काही येईना, आणि मागे उत्तर मात्र ‘शक्य आहे’ असं छापलंय. तुमची चौकट बरोबर आहे. चूक तिच्या वरच्या ओळीत आहे, जिथे तुम्ही ‘आईचा गट ओ, म्हणून आईचा जीनोटाइप ओ/ओ’ असं लिहून टाकलंत (जीनोटाइप म्हणजे जनुकांची प्रत्यक्ष जोडी).

रक्तगट हा चाचणीचा निकाल असतो, म्हणजे फेनोटाइप (बाहेर दिसणारं लक्षण). त्यावरून जीनोटाइपचा अंदाज बांधतात आणि तो जवळजवळ नेहमी खरा ठरतो. हे गणित मुद्दाम त्या ‘जवळजवळ’वर बेतलेलं आहे.

आधी नेहमीचा भाग. एबीओ गटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे मुख्य अलील, म्हणजे जनुकाची पर्यायी रूपं, तीन (ए, बी, ओ), पण एका माणसाकडे त्यातले दोनच, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यातून सहा जीनोटाइप आणि चार गट होतात. ए आणि बी सहप्रभावी (दोन्ही एकत्र दिसतात), ओ अप्रभावी (दुसऱ्यासमोर झाकला जातो), हे तुम्हाला पाठ असेलच; पण कारण कळलं की पाठांतराची गरज उरत नाही. हे जनुक एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) बनवतं. ए अलीलचं विकर लाल पेशीच्या पृष्ठभागावर एन-अॅसिटाइल गॅलॅक्टोसअमाइन ही शर्करा चिकटवतं, बी अलीलचं गॅलॅक्टोज चिकटवतं. ओ अलीलच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात डीएनएचं एक अक्षर गळालेलं असतं. त्यामुळे पुढची सगळी वाचनचौकट (अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकते आणि विकर निकामी होतं. शर्करा चिकटवायला एक चालू प्रत पुरते, म्हणून ओ झाकला जातो. ए आणि बी दोघांची विकरं एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून दोन्ही दिसतात. ‘प्रभावी’ याचा अर्थ ‘जास्त लोकांत आढळणारा’ असा मात्र घेऊ नका. ओ गट अप्रभावी असूनही जगात भरपूर आढळतो.

आता तुमचं गणित. अशा प्रश्नात सुरुवात मुलापासून करायची. मूल एबी आहे. वडिलांचा गट ए, म्हणजे बी अलील त्यांच्याकडे नाही, तो आईकडूनच आला. आईकडे बी आहे, तरी चाचणीत दिसत नाही. मग त्याला झाकतंय कोण?

मघाशी मी शर्करा पेशीच्या पृष्ठभागावर चिकटते म्हटलं, पण ती थेट तिथे चिकटत नाही. तिला बसायला आधी एच प्रतिजन (पेशीवरची एक रासायनिक खूण) लागतं. ते तयार करायला पेशीवर आधीच असलेल्या शर्करांच्या साखळीला फ्यूकोज ही शर्करा जोडावी लागते, आणि हे काम दुसऱ्याच जनुकाचं विकर करतं. ते जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती बंद असतील तर एच नाही, आणि एच नाही तर ए किंवा बीच्या विकराला शर्करा बसवायला जागाच नाही. खिळाच ठोकलेला नसेल तर तसबीर कुठे लावणार? चाचणी अशा व्यक्तीला ओ ठरवते. एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम असा झाकणं म्हणजे एपिस्टॅसिस. ही स्थिती 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रक्तनमुन्यांवरून नोंदवली, म्हणून तिचं नाव बॉम्बे रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो असं मानतात.

एचच्या अलीलांना इथे ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणू. आई : बी/ओ, बंद/बंद. वडील : ए/ओ, चालू/चालू. आईची युग्मकं (प्रजनन पेशी) दोन प्रकारची : बी-बंद आणि ओ-बंद. वडिलांची ए-चालू आणि ओ-चालू. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं, कारण ते एकाच जनुकाचे दोन्ही अलील एका युग्मकात कोंबतात. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जनुकाचा एकच अलील जातो. युग्मकांचे प्रकार मोजायला विषमयुग्मजी (दोन वेगळे अलील असलेल्या) जोड्या मोजा आणि 2 चा तेवढा घात घ्या. इथे दोघांकडे अशी एकेकच जोडी आहे, म्हणून चार घरांची चौकट पुरते. सगळी मुलं चालू/बंद होतात, म्हणजे एच सर्वांत तयार होतं, आणि एबी, ए, बी, ओ प्रत्येकी एक चतुर्थांश येतात. आईत झाकलेला बी मुलात उघडा पडला.

सोळा घरांचं उदाहरण हवं असेल तर दोघेही ए/बी आणि चालू/बंद घ्या. चौकट न काढता गुणाकार करा : एच असण्याची शक्यता 3/4, नसण्याची 1/4. उत्तर येतं 3 ए, 6 एबी, 3 बी, 4 ओसारखे. हा गुणाकार चालतो कारण ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असती तर सहलग्नतेमुळे (दोन्ही एकत्रच पुढे जात असल्याने) तो फसला असता.

गुणोत्तरांबद्दल दोन सापळे. आईवडील दोघेही एखाद्या जनुकासाठी विषमयुग्मजी असले की प्रभावी आणि अप्रभावी लक्षणांचं गुणोत्तर 3:1 येतं, पण म्हणून चार मुलांत एक अप्रभावी असणारच, असं नाही. चार मुलांत नेमके 3 आणि 1 येण्याची शक्यता 27/64, सुमारे 42 टक्के. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलला 7324 वाटाण्यांत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले मिळाले, म्हणजे 2.96:1. एवढे दाणे मोजले तेव्हा गुणोत्तर इतकं जवळ आलं. दुसरा सापळा थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या एका अप्रभावी आनुवंशिक आजाराच्या) प्रश्नात असतो. आईवडील दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण एक सदोष अलील असलेले), एक मूल आजारी, तर त्याचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता 1/2 नव्हे, 2/3. आजारी घर आपण आधीच वगळलेलं असतं, उरलेल्या तीन घरांपैकी दोन वाहकांची.

प्रत्यक्ष एखाद्या घरात असा निकाल आला तर कुणाच्या आईवर संशय घेण्याआधी रिपोर्टवर घ्या. नमुन्यांची अदलाबदल बॉम्बे गटापेक्षा कितीतरी सहज घडते. काचपट्टीवरच्या चाचणीत गट ठरवायला फक्त अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी प्रतिजनांना चिकटणारी प्रतिपिंडं) घालतात, त्यात ओ आणि बॉम्बे सारखेच दिसतात. फरक कळतो तो अँटी-एचने : ओच्या पेशींवर एच भरपूर असल्याने त्यांच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. उलट बाजूने, बॉम्बे व्यक्तीचा सीरम ओच्या पेशींनाही गुठळ्या करतो, कारण त्यात अँटी-एच असतं. म्हणूनच तिला ओ गटाचं रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं.

उत्तरपत्रिकेत एवढं लिहा : मुलातला बी आईकडून आला, आई एचसाठी अप्रभावी समयुग्मजी (दोन्ही अलील बंद) असल्याने तिचा बी व्यक्त झाला नाही, वडिलांकडून एचचा प्रभावी अलील मिळाल्याने मुलात तो व्यक्त झाला. खाली दोघांचे जीनोटाइप आणि चार घरांची चौकट काढा.