रंग की औषधं?

प्रश्न : ताई, मी ईश्वरपूरची (आधीचं इस्लामपूर), बारावी विज्ञान. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड होती. मला चित्रकला शिकायचीय. बाबा म्हणतात, बी. फार्म कर, पोटापाण्याचं बघ.

उत्तर : बाळा, बाबांची काळजी खरी आहे. माझेही वडील असेच धास्तावले होते. मी उपयोजित कला (अप्लाइड आर्ट) घेतली. पहिली कमाई मिठाईच्या खोक्यावरच्या अक्षरांची. त्यातून खोलीभाडं निघालं. बाबांना सांग, या चार वर्षांच्या पदवीत अक्षरलेखन, वेष्टनं, जाहिरात शिकवतात. कलेची सीईटी मात्र द्यावीच लागेल. त्यात चित्रांचे पेपर तीन : वस्तुचित्र, संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र. स्मरणचित्रात भले भले अडखळतात. आजपासून रोज एसटी स्टँडवर अर्धा तास बसत जा, घरी येऊन आठवून माणसं काढ. महिन्याभराने ती वही बाबांसमोर ठेव.