फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालावी का?

प्रश्न : विहिरीवरील ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीचा फ्यूज वारंवार उडतो. जाड तार घातली तर चालेल का?
– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : मुळीच नाही. अशी मोटार पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते, परंतु थेट सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापटीपर्यंत घेत असल्याने फ्यूज तेवढे सोसेल असाच निवडलेला असतो. म्हणून तो शॉर्टसर्किटला तत्काळ वितळतो, मात्र जास्त भाराने तापणाऱ्या वाइंडिंगला (मोटारीतील तारेच्या गुंडाळीला) वाचवत नाही. ते काम ओव्हरलोड रिलेचे (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मोटार बंद करणाऱ्या उपकरणाचे) असून त्याची मर्यादा मोटारीच्या पाटीवरील प्रवाहाइतकी ठेवावी. तीनपैकी एक फेज गेल्यावर मोटारी जळतात, त्यासाठी अशा वेळी मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. सध्या मात्र फ्यूज का उडतो हे शोधण्यासाठी आधी केबलचे जोड आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन (तारेवरील विद्युतरोधक थर) तपासून घ्यावे.