‘पूर्वीसारखंच’मधला च

‘पूर्वीसारखं होईल ना?’ कॅन्सरमुळे स्तन काढावा लागणार आहे, तो पुन्हा घडवून घ्यायचा की नाही हे ठरत नाही, अशा अवस्थेत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. कुणी थेट विचारते, कुणी ‘इम्प्लांट बरं की पोटाचं?’ असा, म्हणजे कृत्रिम स्तन आत बसवायचा की पोटाच्या चरबीचा घडवायचा असा, आडून विचारते. जोडीला आणखी दोन शंका हमखास येतात: आत्ता नाही केलं तर संधी कायमची जाते का, आणि असं वाटणं म्हणजे नसते नखरे तर नव्हेत? हे इतक्या जणींकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. पुढची हकिगत एकीची आहे, पण ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटींचं सार मोजक्या संवादांत आणलंय.

त्या ४७ वर्षांच्या, व्यवसायाने मुद्रितशोधक. आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. केमो संपली होती, तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन नक्की होतं. पहिल्या भेटीला फाइल, चिकटपट्ट्या लावलेले रिपोर्ट आणि वहीत क्रमांक घातलेले २३ प्रश्न घेऊन आल्या. त्यातले वीस तरी सर्जनला विचारायचे होते. वही मिटवून त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. आजाराच्या आधीचा, निळ्या ब्लाउजमधला, कडा झिजलेल्या.

‘हा डॉक्टरांना दाखवायचाय. असं करून द्या म्हणून.’

‘यातलं काय परत हवंय?’

‘सगळंच.’ मग थोडं थांबून, ‘हे म्हणतात, जीव वाचतोय यातच सगळं आलं.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘मी म्हणते, आलं. पण सगळं नाही आलं.’

नखऱ्यांच्या शंकेचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं होतं, फक्त त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. ही लाज फार जुनी आहे आणि ती बायकांनी एकट्यांनी तयार केलेली नाही. १८९५ मध्ये व्हिन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका रुग्णाच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून स्तनाच्या जागी बसवली होती. म्हणजे पुनर्रचनेची कल्पना काही कालपरवाची नाही. पण त्याच काळात हॅलस्टेड यांच्यासारख्या वजनदार सर्जनांचा तिला विरोध होता. वरून झाकलं तर परत आलेला आजार लपेल, अशी भीती होती. ती भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही, आणि त्या जागी तो आलाच तर बहुतेक वेळा त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली येतो, म्हणजे हाताला लागतो. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. नव्या स्तनातल्या चरबीचा थोडा भाग कधीकधी रक्त न पोचल्याने मरतो आणि कडक गोळा होतो. तो हाताला लागला की काळजात धस्स होतं. बहुतेकदा निरुपद्रवी असतो, पण अंदाज बांधत बसू नये. सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी करून घ्यावी.

दुसऱ्या भेटीच्या शेवटी मी एक काम दिलं. ‘मला काय हवं’ हे घरी बसून लिहून आणायचं, पाचच वाक्यं.

तिसऱ्या भेटीला कागद आला. अक्षर सुरेख, समास सोडलेला.

दोन्ही बाजू सारख्याच दिसायला हव्यात.
सगळं एकाच ऑपरेशनमध्ये व्हायला हवं.
व्रण दिसताच कामा नये.
ह्यांना फरक कळायलाच नको.
स्पर्श पूर्वीसारखाच कळायला हवा.

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि म्हटलं, ‘आता हेच दुसऱ्या कुणाचं प्रूफ आहे असं समजून वाचा.’

हात सवयीने लाल पेनाकडे गेला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.

‘च फार झालेत,’ त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. त्यांनी पहिल्या वाक्यातला च उडवला, समासात खूण केली. दुसरा, तिसरा, चौथा. तिसऱ्या वाक्यात च उडवल्यावर वाक्य लंगडं झालं, तर ‘व्रण फिका असावा’ असं दुरुस्तही केलं. पाचव्यावर पेन थांबलं ते बराच वेळ थांबलं.

‘याच्यातला च काढला तरी वाक्य चुकीचं राहतं. हो ना?’

‘हो.’

‘कुणी सांगितलं नाही मला.’

सांगितलं असणार. संमतीपत्रात ते असतंच, बहुधा रक्तस्राव आणि संसर्ग यांच्या खालच्या ओळीत. पण वाचणं वेगळं आणि कळणं वेगळं. स्तनाची आणि स्तनाग्राची संवेदना फासळ्यांच्या मधून येणाऱ्या मज्जातंतूंच्या बारीक फांद्यांवर चालते, त्यातली चौथ्या फासळीजवळची महत्त्वाची. स्तनाची ऊती काढताना या फांद्या कापल्या जातात. स्तनाग्र जपलं तरी जातात. नंतर इम्प्लांट बसवा किंवा पोटाची चरबी आणा, उंचवटा तयार होतो, आकार येतो, आतली जाणीव मात्र फारशी परतत नाही. काही केंद्रांत मज्जातंतू जोडून पाहतात, आणि या क्षेत्रातलं हे मला सगळ्यात मोलाचं संशोधन वाटतं. पण मज्जातंतू वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि परत येते ती मुख्यतः ऊन-गार, टोचलं-दुखलं ही राखण करणारी जाणीव. पूर्वीचा स्पर्श नव्हे.

त्या रडल्या. निदान झाल्यापासून पहिल्यांदा, असं म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

इथे थोडं रेंगाळते, कारण माझ्या मते अशा निर्णयांची गाठ इथेच बसलेली असते. बाई आकाराबद्दल विचारत असते आणि शोक चाललेला असतो स्पर्शाचा. तो शोक कुणी बोलू देत नाही, म्हणून तो शस्त्रक्रियेच्या मागणीत शिरतो, आणि मागणी ‘हवं’ची ‘हवंच’ होते. मग कुठलाच सर्जन पुरा पडत नाही, कुठलीच पद्धत पसंत पडत नाही, आणि झालीच तर आरशापुढे फक्त चुका दिसतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेला विचार मी मानते: माणसाला इच्छा छळत नाही, तिचा हट्ट झाला की तो छळतो. मराठीला यासाठी एक अक्षर पुरतं याचं मला नेहमी कौतुक वाटतं. पण एक इशारा देते. च काढायचा म्हणजे इच्छा काढायची नाही. ‘मग सोडून द्या ना’ असं म्हणणारे नातेवाईक आणि समुपदेशक दोघंही इथेच चुकतात.

त्या आठवड्यात त्यांनी सुधारून आणलेला मजकूर असा होता: ‘कपड्यांत दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. दोन-तीन टप्पे चालतील. स्पर्श जाणार आहे, त्याचं मला फार वाईट वाटतंय.’ यावर सर्जनशी बोलता येतं. फोटोवर येत नाही.

पुढचं सगळं तुलनेने झपाट्याने ठरलं. रेडिएशन नक्की असल्याने त्यांनी पुनर्रचना पुढे ढकलली. आत्ता केलं नाही तर संधी जाते, हा समज पार चुकीचा आहे. काही वर्षांनंतरही करता येतं. आणि घाईला किंमत असते. रेडिएशनमुळे त्वचा आखडते, रक्तपुरवठा कमी होतो, जखमा भरायला वेळ लागतो. इम्प्लांटभोवती शरीर नेहमीच एक पातळ आवरण तयार करतं, ते रेडिएशननंतर जाड होऊन आवळण्याची शक्यता बरीच वाढते. मग स्तन कडक, वर ओढलेला, कधी दुखणारा होतो. शिवाय लगेच केलेल्या पुनर्रचनेत जखम बिघडली तर पुढचे उपचार लांबतात, आणि उपचार लांबणं हा खरा धोका. रेडिएशन संपल्यावर स्वतःची ऊती, म्हणजे पोटाची त्वचा-चरबी वगैरे, वापरायची तर बहुतेक सर्जन सहा ते बारा महिने थांबायला सांगतात.

ज्यांना रेडिएशन लागणार नाही त्यांचा हिशोब वेगळा. त्यांच्यात एक्स्पांडरची वाट सोपी पडते. त्वचेखाली किंवा स्नायूखाली जवळजवळ रिकामी पिशवी ठेवतात, जखम भरली की दर एक-दोन आठवड्यांनी त्वचेतूनच सुई घालून साधारण ५० ते १०० मिली सलाइन भरतात, आणि काही महिन्यांनी पिशवी काढून इम्प्लांट बसवतात. भरल्यावर एक-दोन दिवस छाती घट्ट बांधल्यासारखी वाटते. बहुतेक एक्स्पांडरच्या झडपेत चुंबक असतं, त्यामुळे एमआरआय सांगितला तर ही गोष्ट आधी सांगायची. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं हेही मनात ठेवावं. सिलिकोनचं फुटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेचा सल्ला असा की पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका विरळ लिम्फोमाचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरचा) संबंध दिसला आणि २०१९ मध्ये तसा एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे विचारायचं, आणि इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवायचं. कार्ड हरवलं की दहा वर्षांनी कुणालाच काही आठवत नाही.

आणि काहीच नको, सपाट ठेवायचं, हाही पुरता निर्णय आहे. फक्त तो आधी सांगावा लागतो. नाही सांगितलं तर ‘पुढे लागेल’ म्हणून जास्तीची त्वचा राखली जाते आणि तिच्या घड्या पडतात.

या बाईंनी मधल्या काळात ब्रामध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन वापरला. आधी कापसाचा हलका, जखम पूर्ण भरल्यावर सिलिकोनचा, दुसऱ्या बाजूच्या वजनाला जुळणारा. पुनर्रचनेसाठी त्यांनी पोटाचा फ्लॅप, म्हणजे पोटाचाच तुकडा छातीवर बसवणं, निवडला. बेंबीखालची त्वचा आणि चरबी घेतात, पोटाचा स्नायू जागेवर ठेवतात, आणि त्या तुकड्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या छातीच्या मधल्या हाडाजवळच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. एका बाजूचं काम सहा ते आठ तासांचं. पोटाची सैल त्वचा आणि चरबी कापून काढण्याची शस्त्रक्रिया (टमी टक) आधी झाली असेल तर हा मार्ग बंद. सिझेरियनने सहसा अडत नाही. सिगारेट किंवा तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कडेची त्वचा काळी पडते. कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ती गोळी कधी थांबवायची हे विचारून घ्यावं, तिने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

पहिल्या रात्रीबद्दल मी सगळ्यांना आवर्जून सांगते. पहिले एक-दोन दिवस नर्स साधारण दर तासाला येते, रात्री दोन वाजताही. रंग बघते, हाताने ऊब बघते, बोटाने दाबून सोडते, डॉप्लर नावाचं छोटं यंत्र टेकवून रक्ताचा फुस-फुस आवाज ऐकते. हे ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं, आधी माहीत नसेल तर मात्र बाई रात्रभर घाबरून जागी. शीर तुंबली तर फ्लॅप जांभळा होऊन फुगतो आणि दाबून सोडल्यावर लाली फार पटकन परतते. धमनी अडली तर पांढरा, गार पडतो. वेळेत लक्षात आलं तर परत शस्त्रक्रियागृहात नेऊन वाचवता येतो, म्हणूनच ही तासातासाची पाहणी. अनुभवी हातांत शंभरातले ९५ हून जास्त फ्लॅप जगतात.

घरी आल्यावर ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर आणणारी नळी. चोवीस तासांत किती मिली आलं ते लिहायचं, साधारण २०–३० च्या खाली आलं की काढतात. सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. आणि एक गोष्ट मी मोठ्या अक्षरांत लिहून देते: नव्या स्तनावर आणि पोटाच्या टाक्यांभोवती गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. तिथे ऊन कळत नाही. पाठ शेकायला घेतलेली पिशवी झोपेत सरकते, सकाळी फोड दिसतो, आणि तोपर्यंत काही जाणवलेलं नसतं. अशा भाजण्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या बातम्या घेऊनही बायका येतात. थ्रीडी प्रिंटरवर केलेला, हळूहळू विरघळणारा सांगाडा आणि त्यात स्वतःची चरबी, अशा माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. मला त्यांचं कुतूहल आहे. आजचा निर्णय त्यासाठी अडवू नये, इतकंच सांगते.

पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी त्या भेटायला आल्या. एक बाजू किंचित खाली आहे म्हणाल्या, तक्रार नव्हती, प्रूफातली चूक दाखवावी तशा सुरात. स्तनाग्राचं ठरलेलं नव्हतं. त्वचेची घडी करून उंचवटा केला तर तो वर्षभरात निम्म्याने बसतो, नुसतं गोंदवून घेतलं तर उठाव फक्त दिसतो. ‘बघू पुढे,’ म्हणाल्या. मग हसायला लागल्या. वजन तीन किलो वाढलं होतं, आणि नवी बाजूही वाढली होती. चरबी जिथली तिथल्यासारखी वागते, याची त्यांना सर्जनने कल्पना दिली होती, पण खरं वाटलं नव्हतं.

‘शेवटी पोटच ते,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच, ‘हा च राहू द्या.’