पहिल्या टूरआधी

नेवाडा-टेक्सासला पहिल्यांदाच गायला निघतोयस, तर आधी गिटार सांभाळ. नेवाडातल्या एल्को गावी १९८५ पासून काउबॉय कवींचा मेळा भरतो, तोही ऐन हिवाळ्यात. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. माझ्या पहिल्या गिटारला असाच तडा गेला, अजून हळहळ वाटते. गिटारच्या केसमध्ये ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा राखणारं साधन, ठेव; आर्द्रता ४५ ते ५० टक्के राहू दे.

टेक्सासात कर्व्हिलच्या लोकसंगीत महोत्सवात स्टेज मिळालं नाही तरी जाच. रात्री तंबूंपाशी शेकोटीभोवती गाणी रंगतात, तिथे तुझं नवं गाणं म्हणून बघ. बारपेक्षा घरगुती मैफली घे: तीस-चाळीस माणसं, पण जीव लावून ऐकणारी, आणि जमलेले पैसे बहुधा गायकालाच मिळतात. कार्यक्रमाच्या दिवशी लांबचा पल्ला मात्र मारू नकोस, आवाज थकतो.