वॉलेटच्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. संगणक न वापरता, हाताने सीड फ्रेज (क्रिप्टो वॉलेटची किल्ली असलेले 12 शब्द) तयार करता येते का?

येते. वॉलेटच्या सॉफ्टवेअरवर विश्वास बसत नाही, हे तुमचं म्हणणंही रास्त आहे. 2023 साली उघड झालेल्या 'मिल्क सॅड' प्रकरणात लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरची सीड बनवणारी कमांड जेमतेम 32 बिट रँडमनेस वापरत होती. म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता, ज्या साधा संगणकही चाळून काढतो. शब्द पाहून कुणाला संशय आला नसता, आणि वॉलेटं मात्र रिकामी झाली.

पण कृपा करून शब्द मनाने निवडू नका. माणसाला सुचतं ते रँडम नसतं, कितीही तसं वाटलं तरी. नाणं घ्या.

बीआयपी-39 ची, म्हणजे सीडच्या शब्दांसाठी ठरलेल्या मानकाची, 2048 शब्दांची यादी छापून घ्या. नाणं 11 वेळा उडवा. पहिल्या फेकीची किंमत 1024, दुसरीची 512, असं निम्मं करत शेवटचीची 1. जिथे छापा पडला तेवढ्याच किंमतींची बेरीज करा, तीत 1 मिळवा. यादीतला त्या क्रमांकाचा शब्द तुमचा. सगळे काटे पडले तर पहिला शब्द 'अबँडन', सगळे छापे पडले तर शेवटचा 'झू'. असे 11 शब्द काढा. आलेला शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा उडवायचं नाही.

खरी अडचण बाराव्या शब्दाची. प्रत्येक शब्द म्हणजे 11 बिट, एका फेकीचा एक. बाराव्यातले 7 बिट नाण्याचे, उरलेले 4 चेकसमचे, म्हणजे आधीचे बिट बरोबर आहेत का हे तपासण्यासाठीचे, आणि ते एसएचए-256 या गणिती सूत्रातून येतात. म्हणून यादीतला कुठलाही शब्द घेतला तर सोळात एकदाच जमतो. हे गणित कागदावर होतं: केन शिरिफ या तंत्रज्ञान-ब्लॉगरने 2014 मध्ये त्याची एक फेरी हाताने केली, तिला 16 मिनिटं 45 सेकंद लागली. अशा 64 फेऱ्या आहेत, आणि मधे एक बिट चुकला की सगळं वाया. माझ्या मते हा हट्ट इथे सोडावा. सीडसाइनरसारखं, इंटरनेटला कधीच न जोडलेलं उपकरण तुमच्या फेकींवरून शेवटचा शब्द काढून देतं. वेबसाइटवर किंवा फोनमध्ये हे शब्द कधीही टाकू नका, फोटोही काढू नका.

नंतर त्या वॉलेटवर अगदी थोडी रक्कम पाठवा, उपकरण पुसा आणि कागदावरून वॉलेट परत उघडून बघा. रक्कम दिसली, तरच मोठे पैसे हलवा.