१९१८ नंतरचा युरोप वाचायला घेतोयस ना, मग आधी हे वाच

अरे, पेठेतल्या अभ्यासिकेत बसून नुसत्या तहांच्या तारखा पाठ करत बसू नकोस, मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं आणि डोक्यात काहीच राहिलं नाही. एक सीमा पकड, टेशेनची, म्हणजे पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनाही हवा असलेला छोटा प्रदेश आणि त्यातलं त्याच नावाचं शहर. ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळलं आणि ५ नोव्हेंबर १९१८ ला तिथल्या पोलिश आणि चेक लोकांनी आपसात तात्पुरती वाटणी केली पण प्रागला, म्हणजे चेकोस्लोव्हाक सरकारला, ती मान्य नव्हती, कारण तिथला कोळसा आणि बोहुमिन-कोशित्से रेल्वे, स्लोव्हाकियाकडे जायचा मेन रूटच तो, म्हणून जानेवारी १९१९ मध्ये चेक सैन्य घुसलं. दोघंही नुकतेच स्वतंत्र झालेले, वाईट वाटतं वाचताना. जुलै १९२० मध्ये ओल्झा नदीवरून शहरच तोडलं, जुनं गाव पोलंडला, स्टेशन चेकोस्लोव्हाकियाला. म्हणजे समज मुठेच्या अलीकडे पेठा एका देशात आणि पलीकडे डेक्कन दुसऱ्या!

ही जखम भरली नाही, ऑक्टोबर १९३८ मध्ये म्युनिक करारानंतर (ज्यात चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला दिला) पोलंडने चेकोस्लोव्हाकियाकडचा टेशेनचा भाग घेतलाच. विल्नियसचं पण बघून घे, लिथुआनिया ते शहर आपली राजधानी मानायचा पण ताबा पोलंडकडे होता, त्यावरून लिथुआनियाने १९३८ पर्यंत पोलंडशी राजनैतिक संबंधच ठेवले नव्हते.

आणि प्लीज, रेल्वेचा नकाशा शेजारी ठेवूनच वाच.